काठाची जमीन आणि निळ्या गळ्याचं पाखरू

सोलापुरात राहून पाखरं बघायची म्हणजे समुद्राचा विषयच नाही. कोकणातले आमच्यासारखे नाद असलेले लोक पहाटेच्या खाडीचे फोटो पाठवतात, पाण्यावरून येणाऱ्या थव्यांची वर्णनं करतात, आणि आम्ही इकडे एखाद्या तळ्याच्या चिखलात उभं राहून हाच आपला किनारा म्हणतो. पण हिवाळ्यात हिमालयापलीकडून निघालेल्या बारक्या गाणाऱ्या पाखरांना समुद्रच लागतो असं काही नाही. ओला काठ, चार लव्हाळी आणि जवळपास ज्वारी असली की ती उतरतात. गेल्या येळवसेच्या सणाला मी आणि माझी बायको सुनंदा अक्कलकोटच्या पलीकडं अशाच एका तळ्यावर जाऊन आलो. मला तिथं कधी न पाहिलेलं एखादं पाखरू हवं होतं, आणि तिथल्या एका बाईला तिची दोन एकर जमीन सुखरूप हवी होती. या दोन गोष्टी एकमेकींच्या आड येतील हे जाताना मला ठाऊक नव्हतं.

आधी माझ्याबद्दल थोडं सांगायला हवं, नाहीतर माझं पुढचं वागणं विचित्र वाटेल. निवृत्त होईपर्यंत मी जनावरांच्या विम्याचे दावे तपासत होतो. म्हैस मेल्याची खबर आली की मोटरसायकलला किक मारायची, गावात जायचं, मेलेल्या म्हशीच्या कानातला बिल्ला बघायचा, शिंगांचं वळण बघायचं, कपाळावरचा चांद बघायचा आणि मेलेली म्हैस तीच का हे ठरवायचं. एकच म्हैस दोनदा मेलेली मी पाहिली आहे. जिवंत म्हशीसाठी ढसाढसा रडणारा माणूसही पाहिला आहे, आणि ती म्हैस मागच्या बाजूला कडबा खात होती. अशी नोकरी केल्यावर कुणी 'या, बसा' म्हटलं तरी माणूस आधी खाट तपासतो. सुनंदा म्हणते, यांना कुणी नमस्कार केला तर हे त्याच्या तळहातात काय दडलंय ते बघतात. तिचं म्हणणं मला खोडता येत नाही.

बोलावणं सिद्धारामचं होतं. तो आमच्या गल्लीत राहतो आणि एमआयडीसीत टॉवेलच्या मागावर काम करतो. एका संध्याकाळी दारात उभा राहून म्हणाला, "काका, येळवसला आमच्या थोरल्याच्या रानात चला की. तळ्याच्या काठालाच हाय. काकूंनाबी घ्या. आदल्या दिशी जावा, मी पोरांना घिऊन दुसऱ्या दिशी येतो."

मी मूळचा मोडनिंबचा. आमच्या बाजूला येळवस नाही. मार्गशीर्षातल्या अमावस्येला इकडच्या पूर्वेच्या तालुक्यांत आख्खं गाव रानात जाऊन जेवतं. कडब्याच्या पेंढ्यांची कोपी करायची, आत लक्ष्मीची पूजा मांडायची, आणि त्या दिवशी वाटेनं जाणारा अनोळखी माणूसही जेवल्याशिवाय पुढं जाऊ द्यायचा नाही, अशी रीत. आमच्याकडं अनोळखी माणूस शेतात शिरला तर आधी कुत्रं सोडतात, मग नाव विचारतात. त्यामुळं सिद्धाराम गेल्यावर मी सुनंदाला म्हणालो, "याला माझ्याकडून काय हवं असेल?"

"तो जेवायला बोलावतोय," सुनंदा म्हणाली. "हवं तुम्हालाच आहे. तळं म्हटल्यावर तुमचे कान कसे उभे राहिले ते मी पाहिलं."

आदला दिवस

अक्कलकोट रोडवर एमआयडीसीच्या सायकली आणि मोटरसायकली मागं पडल्या की रस्ता मोकळा होतो, आणि हळूहळू माणसांच्या बोलण्यात कानडी हेल यायला लागतो. अक्कलकोटच्या पुढं एका फाट्यावर मी रस्ता विचारला. त्या माणसानं इतक्या प्रेमानं सांगितला की मी पुढं जाऊन दुसऱ्याला विचारलं. त्यानंही तोच सांगितला. दोघांचं इतकं कसं जुळलं म्हणून मी तिसऱ्यासाठी गाडी थांबवणार होतो, पण सुनंदानं माझ्याकडं नुसतं बघितलं.

रान खरोखरच तळ्याला टेकलेलं होतं. सिद्धारामचा थोरला भाऊ मल्लिनाथ बांधावर वाट बघत उभा होता. उंच, काटकुळा, डोक्याला टॉवेल गुंडाळलेला. टॉवेल अर्थात भावाच्या कारखान्यातला. त्याची बायको नागरबाई खोपटासमोरच्या चुलीवर गुळाचा चहा करत होती. चहा होईपर्यंत मल्लिनाथनं आम्हाला सगळं रान फिरवून दाखवलं. सगळं म्हणजे दोनच एकर. एवढीच त्यांची जमीन. ज्वारी छातीएवढी झालेली, नुकती निसवायला लागलेली, मधूनमधून करडई आणि हरभरा. काठाकडच्या कोपऱ्यात एक चुना लावलेला दगड होता. पाणाड्यानं तिथं पाणी दाखवलं होतं.

"उन्हाळ्यात हितं हीर पाडायची," मल्लिनाथ म्हणाला. "तळं उशाला हाय, पण त्यातलं पानी आपलं न्हवं. हीर झाली की पोरगं पुण्यातनं माघारी येतो म्हणलंय."

तो दगडाकडं असा बघत होता की मलाही क्षणभर ती विहीर दिसली. तिथवर सगळं ठीक होतं. मग मी गाडीच्या डिकीतून दुर्बीण काढली. ही गळ्यातली नव्हे, तिकाटण्यावर उभी करायची मोठी. तिकाटण्याचे तीन पाय मी बांधावर रोवले आणि मागं वळलो, तर मल्लिनाथच्या चेहऱ्यावरचं हसू गेलेलं.

"ह्ये काय मोजायला आनलंय व्हय?"

"मोजायला नाही हो. पाखरं बघायला."

"पाखरं," तो एवढंच म्हणाला.

चुलीपाशी नागरबाईचा हात थांबला. "कंची पाखरं बघता, साहेब?"

त्या घटकेपर्यंत मी काका होतो. सुनंदा अजून काकूच होती, मी मात्र साहेब झालो होतो. असली बढती माझ्या कानातून सुटत नाही.

"दिसतील ती," मी म्हणालो.

नवरा-बायको एकमेकांशी कानडीत बोलले. मला कानडी येतं ते म्हशीपुरतं. एम्मी म्हणजे म्हैस, कोंबु म्हणजे शिंग, किवी म्हणजे कान. पण पाखराला हक्की म्हणतात हेही ठाऊक आहे, आणि तो शब्द त्यांच्या बोलण्यात पुन्हापुन्हा येत होता. नागरबाईचं माहेर उत्तर सोलापुरातलं, कानडी ती सासरी शिकलेली, त्यामुळं ती सावकाश बोलत होती. शेवटी तीच मराठीत म्हणाली, "ह्या काठाला नका जाऊ, साहेब. लई गाळ हाय. गुडग्यापतूर पाय आत जातोय. पल्याड भितीवर जावा. तितं लई पाखरं."

शंकेची पाल चुकचुकली ती तेव्हा. माझ्या अनुभवात ज्या गोठ्याकडं जाऊ नका म्हणतात, म्हैस त्याच गोठ्यात असते. त्यात काठाकडं जाणाऱ्या ट्रॅक्टरच्या चाकोऱ्या मला दिसल्या होत्या. वाळू काढतात की काय? की लव्हाळ्यांत जाळी लावून पाखरं धरतात? तोंडावर काही न दाखवता मी तळ्याच्या पल्याडच्या, पाणी अडवणाऱ्या भिंतीवर गेलो.

खोटं कशाला बोलू, भिंतीवर बघण्यासारखं खूप होतं. सूर्य खाली गेला आणि उत्तरेकडून भोरड्या आल्या. ही गुलाबी-काळी पाखरं थंडी सुरू व्हायच्या आधीच आपल्याकडं येतात आणि ज्वारीची सोंगणी होईपर्यंत मुक्काम ठोकतात. आधी लांबवर धुरासारखं काहीतरी दिसलं, मग त्या धुराला वळणं पडली, तो एकदा तळ्यावर पसरला, पुन्हा गोळा झाला, आणि सगळाच्या सगळा पलीकडच्या बाभळींत ओतला गेला. नंतर अंधार पडेपर्यंत बाभळींतून बाजारासारखा कलकलाट येत होता. मोडनिंबला आमचे वडील या पाखरांना शिव्या देत गोफण फिरवायचे. मला मात्र लहानपणापासून भोरड्या पिकापेक्षा जास्त आवडत, आणि हे मी त्यांना कधी सांगितलं नाही.

माघारी आलो तेव्हा सुनंदा नागरबाईबरोबर वालाच्या शेंगा निवडत बसली होती. उद्याच्या भज्जीची तयारी. नागरबाई पाण्याला गेल्यावर ती हळूच म्हणाली, "मला विचारत होत्या, तुमचे मालक सरकारी हाईत का म्हणून."

"तू काय सांगितलंस?"

"निवृत्त आहेत म्हटलं."

"म्हणजे होते असा अर्थ झाला."

"बरं, मग काय सांगू? हे म्हशींचे पोलीस होते म्हणून सांगू?"

तिला हसू येत होतं. मला मात्र खात्री झाली होती की इथं कुठंतरी पाणी मुरतंय.

पहाट

थंडीनं उजाडायच्या आधीच जाग आली. सुनंदा वाकळेत गुडूप होती. मल्लिनाथ घोरत होता. नागरबाईचं अंथरूण रिकामं. आणि काठाकडून आवाज येत होता, धाण् धाण् धाण्, पत्र्याचा डबा बडवल्यासारखा.

ज्वारीची राखण करताना डबे बडवतात, यात नवल नाही. पण एक तर ज्वारी अजून निसवतच होती, कणसात दाणाच नव्हता. दुसरं म्हणजे अंधारात पाखरं खायला येत नाहीत, ती उजेड झाल्यावर येतात. आणि तिसरं, आवाज ज्वारीतून नव्हता, लव्हाळ्यांतून होता, तिथं पीकच नाही. पूर्वी एवढ्या पुराव्यावर मी दावा रोखून धरला असता. मी गळ्यात कॅमेरा अडकवला, दुर्बीण खांद्यावर घेतली आणि आवाजाच्या दिशेनं निघालो.

पाण्यावर धुकं होतं. पूर्वेला जरा फटफटलं तसे काठावर धोबी दिसायला लागले, पिवळे आणि पांढरे, शेपट्या खालीवर करत ओल्या चिखलावरून लगबगीनं चालणारे. कुठून कुठून डोंगर ओलांडून आलेले हे एवढेसे जीव, पण चाल अशी की आत्ताच शेजारच्या घरातून आले असावेत. डोक्यावरून भोरड्या निघाल्या. संध्याकाळचा कलकलाट नाही, नुसता पंखांचा आवाज, कापड फाडल्यासारखा, लाटेमागून लाट. मी फोटो काढत सुटलो. धोबी काढले, चंडोल काढला, तारेवर बसलेली साधी चिमणीही काढली. आणि त्याच नादात एक पाऊल पुढं टाकलं आणि गुडघ्यापर्यंत गाळात गेलो.

गाळ खरा होता. नागरबाईनं सांगितलेलं अक्षरशः खरं होतं, अगदी गुडघ्याच्या मापासकट. मी पाय ओढला तर पाय आला, बूट आला नाही. दुर्बीण डोक्यावर धरून एका पायावर डुलत असताना समोरची लव्हाळी हलली आणि त्यातून नागरबाई बाहेर आली. कमरेला पदर खोचलेला, एका हातात तेलाचा रिकामा डबा, दुसऱ्या हातात काठी. वाळू नव्हती, जाळं नव्हतं. नुसता डबा.

तिनं काठी पुढं केली. मी ती धरून बाहेर आलो. बूट तळ्यालाच ठेवला.

"सांगितलं हुतं की," ती म्हणाली.

"सांगितलं होतं. पण अंधारात डबा कशाला बडवत होता?"

"म्हशी शिरत्यात."

"तुमच्या दोन म्हशी गोठ्यात बांधलेल्या आहेत. एकीचं डावं शिंग खाली वळलंय. दोघी रवंथ करत बसल्यात, मी बघून आलोय."

मग तिनं डबा खाली ठेवला आणि त्याच्यावरच बसली. आणि जे बोलली ते इतकं सरळ होतं की मला त्यात शंका काढायला जागा सापडेना.

"गेल्या साली एक साहेब आला हुता. तुमच्यासारकंच तीन पायांचं घिऊन. ह्या लव्हाळ्यात एक बारकं पाखरू बसतंय, निळ्या गळ्याचं. त्याचा फोटू काढला आन् नाचायलाच लागला की. घावलं घावलं म्हनून. म्या घाबरलेच, साहेब. माजं म्हायेर माळढोकाच्या पट्ट्यातलं. तितं एका पाखरापायी काय काय झालं ते मी बघितलंय. भावाला सोताची जमीन इकता येईना, हीर पाडायची तर ह्याला इचार, त्याला इचार. पाखरू तर आता दिसतबी न्हाय, पर भाऊ हिलपाटं घालून म्हातारा झाला. आमची ही दोनच एकर हाय. उद्या ह्या निळ्या गळ्याच्यापायी हितं पाटी लागली तर हीर गेली, आन् हीर गेली की पोरगं गेलं. म्हनून म्या रोज पाटंचं हाकलते. नगंच ते."

सोलापूर जिल्ह्याबाहेरच्या माणसाला हे कदाचित कळायचं नाही. आपल्याकडं माळढोक हे नुसतं पाखराचं नाव नाही, त्याच्या अभयारण्यात लोकांच्या जमिनी अडकल्या, म्हणून त्या शब्दाबरोबर सातबारा आठवतो. खरं काय, खोटं काय, कुठले नियम होते आणि कुठले उठले, हे कोर्टकचेऱ्यांना ठाऊक. पण दुर्बीण घेतलेला माणूस आला की रानाचा मालक धास्तावतो, हे मी पूर्वीही पाहिलं आहे. फक्त त्या धास्तीपायी कुणी अंधारात उठून रोज एका टीचभर पाखराला हाकलत असेल, हे मनात आलं नव्हतं. मला तिचा राग यायला हवा होता. आला नाही. वाईट वाटलं, तिच्यासाठीही आणि पाखरासाठीही.

"अहो, ते पाखरू अगदी साधं आहे," मी म्हणालो. "हिवाळ्यात जिथं ओल तिथं ते. कुणी त्याला निळकंठी म्हणतं, कुणी शंकर. त्याच्यासाठी कुणी तुमची जमीन अडकवणार नाही."

"तुमी असंच म्हननार."

बरोबर होतं तिचं. तिच्या जागी मी असतो तर मीही हेच म्हणालो असतो. आयुष्यभर माणसं मला खरं सांगत आली आणि मी त्यांना पुरावा मागत आलो. आता पुरावा द्यायची वेळ माझी होती.

"चला," मी म्हणालो, "दाखवतो."

एक पाय बुटात आणि एक चिखलात अशा थाटात मी पुढं आणि डबा घेतलेली नागरबाई मागं, अशी आमची वरात गावाच्या वाटेला लागली. वेशीबाहेर हापसा आहे, त्याच्या सांडपाण्याची एक गटार रस्त्याकडेनं वाहते. तिथं पाणकणसाचं एक झुडूप आणि कचऱ्याचा ढीग. मी दुर्बीण लावली आणि थांबलो. पाखरू येईल असा माझा अंदाज होता, खात्री नव्हती. बराच वेळ काहीच हललं नाही. नागरबाईच्या चेहऱ्यावर 'बघा, मी म्हनलं न्हवतं का' असं यायला लागलं. आणि मग एका प्लॅस्टिकच्या पिशवीमागून ते टुणकन बाहेर आलं, शेपटी उभारली, आणि सूर्याकडं वळून उभं राहिलं.

"बघा," मी बाजूला झालो.

तिनं आधी चुकीचा डोळा मिटला, मग दोन्ही मिटले, मग पदरानं काच पुसायला निघाली. शेवटी जमलं.

"गळ्यात दागिना घातलाय की त्यानं," ती हळूच म्हणाली. मग मान वर करून गटारीकडं बघितलं, पुन्हा दुर्बिणीत बघितलं. "ह्यो तर हितं उकिरड्यावरबी हाय!"

"पुढच्या ओढ्यालाही असेल. चला, बघायचं?"

ओढ्यालाही होतं. एक नव्हे, दोन. दुसऱ्याच्या गळ्यावरचा निळा जरा फिका होता, ती मादी असावी किंवा पोर असावं. नागरबाई आता स्वतःच दुर्बीण फिरवायला लागली होती. "आन् ह्यो कोन?" "धोबी." "आन् ह्यो?" "भारीट. ज्वारीवर येतो, तुमच्या ओळखीचा असणार." "व्हय की. चोर हाय त्यो." प्रत्येक पाखराचा मी फोटो काढून तिला मागच्या बाजूला दाखवत होतो आणि ती हसत होती. परत येताना तिनं तो डबा काठीला अडकवून खांद्यावर टाकला, आणि बोलता बोलता मला काका म्हणाली. मी काहीच ऐकलं नाही असं दाखवलं, पण बरं वाटलं.

येळवस

ऊन वर आलं तसा सिद्धाराम बायको-पोरांना घेऊन पोचला. माझ्या पायात मल्लिनाथच्या जुन्या चपला बघून त्यानं काही विचारलं नाही, भाऊ मात्र हसत होता. बायकोनं त्याला काय सांगितलं ठाऊक नाही, पण सकाळपासून तो मला प्रत्येक गोष्ट दाखवत होता. ट्रॅक्टरच्या चाकोऱ्या कशाच्या म्हणून मी विचारलंच. "गाळ आनतो की तळ्यातनं, रानात टाकायला," तो म्हणाला आणि मूठभर काळी माती माझ्या हातावर ठेवली.

कोपी उभी राहिली. आत चुन्याची बोटं ओढलेले पाच दगड, लक्ष्मीची पूजा, नैवेद्य. मग मल्लिनाथ आंबिलाचं मडकं घेऊन पिकाभोवती शिंपत निघाला आणि पोरं त्याच्यामागं 'ओलगे ओलगे सालम पोलगे' म्हणत धावली. याचा अर्थ मी चौघांना विचारला आणि चौघांनी चार सांगितले. या वेळी मला त्यात काही संशयास्पद वाटलं नाही.

मी बांधावर उभा राहून बघत होतो, तेवढ्यात नागरबाई आली. "काका, जेवायच्या आधी जरा हिकडं या की. एक दाखवायचं हाय."

तिनं मला काठाकडच्या कोपऱ्यात नेलं. चुन्याच्या दगडाच्या पलीकडं दोन वेड्या बाभळी आहेत, त्यांच्या बुडाशी गवताचं जाळं. ती बोट न दाखवता नुसत्या हनुवटीनं खूण करत म्हणाली, "तितं. चार दिस झालं येतंय. दिसायला काय न्हाय, चिमणीवानी. पर लई ग्वाड बोलतंय. ह्येबी साधंच आसंल, न्हवं?"

मी आधी ऐकलं. अगदी बारीक, अडखळत, स्वतःशीच गुणगुणल्यासारखं गाणं. हे मी आधी कुठंच ऐकलेलं नव्हतं. मग ते गवताच्या काडीवर चढलं. मी दुर्बीण लावली, डोळा काढून काच पुसली आणि पुन्हा लावली.

त्याचं नाव मी इथं लिहिणार नाही. ते मी पुस्तकातल्या चित्रांत पाहिलेलं होतं. आमच्या जिल्ह्यात ते कुणी पाहिल्याचं माझ्या ऐकिवात नाही. ज्यांना हा नाद आहे ते अशा एका पाखरासाठी रात्रभर गाडी चालवून येतात. एक फोटो टाकला असता तर आठवड्याभरात या बांधावर तीन पायांच्या दुर्बिणींची रांग लागली असती, कुणीतरी अर्ज केला असता, कुणीतरी बातमी दिली असती. त्यानं जमीन अडकलीच असती असं मी म्हणत नाही. बहुतेक अडकली नसती. पण नसतीच, असंही छातीवर हात ठेवून मला सांगता येईना. आणि पाखरापासून हातभर अंतरावर तो चुन्याचा दगड होता.

पाखरू चांगलं उघड्यावर बसलं होतं. ऊन त्याच्या अंगावर. एवढं जवळ, एवढं निवांत, असं आयुष्यात पुन्हा मिळणार नाही हे मला कळत होतं. मी पोटभर बघून घेतलं. ते उडून गवतात गेलं तेव्हा मी दुर्बिणीवरून मान उचलली.

"व्हय हो," मी तिच्याच बोलीत म्हणालो, "साधंच हाय."

"बरं झालं बाई," ती म्हणाली, आणि आम्ही कोपीकडं आलो.

पंगत बसली. भज्जी म्हणजे आपली तळलेली भजी नव्हेत. हरभऱ्याचा पाला, वाल, तूर, गाजर, मेथी, रानात जे हिरवं मिळेल ते सगळं बेसनाच्या आंबट कालवणात. बरोबर बाजरीचे उंडे, शेंगांची पोळी आणि मडक्यातलं गार आंबील. आमच्या मोडनिंबला भाज्यांची अशी सरमिसळ कुणी केली तर घरात भांडण होईल, पण रानात बसून खाताना ती तशीच हवी असं वाटतं. सुनंदा तिसऱ्यांदा घेत होती. मी मात्र घास घोळवत होतो. डोळ्यांसमोरून ती गवताची काडी जात नव्हती.

नागरबाई वाढत वाढत माझ्यापाशी आली, पळी भरली आणि तशीच धरून थांबली.

"काका, एक इचारू?"

"विचारा की."

"सकाळधरनं तुमी धोब्याचा फोटू काढला. भारीटाचा काढला. तारंवरच्या चिमणीचाबी काढला." ती इतक्या हळू बोलत होती की सुनंदालाही ऐकू गेलं नसावं. "मग त्या बाभळीखालच्याचा का न्हाय काढला?"

मी मान वर केली. तिच्या डोळ्यांत राग नव्हता, भीतीही नव्हती. ज्या नजरेनं मी आयुष्यभर कानातले बिल्ले पाहिले, त्याच नजरेनं ती माझ्याकडं बघत होती. कॅमेरा माझ्या गळ्यातच होता.

तिनं पळी माझ्या ताटात रिकामी केली.

"जेवा," ती म्हणाली. "म्याबी कुनाला सांगत न्हाय."